थंड प्रदेशातल्या क्रूझसाठी बूट घेताना

तुम्ही विचारलंत, जाड स्नो बूट घेऊ का? अलास्का किंवा नॉर्वेची उन्हाळी क्रूझ असेल तर अजिबात नको. तिथे बर्फापेक्षा पाऊस आणि चिखलच जास्त भेटतो. अलास्कातल्या केचिकनला तर वर्षाला ३.५ मीटरहून जास्त पाऊस पडतो. घोट्याच्या वर येणारे, वॉटरप्रूफ, तळाला खोल खाचा असलेले हायकिंग बूट घ्या.

मापाच्या बाबतीत मात्र घाई करू नका. दुकानात संध्याकाळी जा, दिवसभरात पाय थोडे सुजलेले असतात. प्रवासात घालणार तेच लोकरी मोजे घालून बूट चढवा. टाच आत सरकता कामा नये, बोटं मोकळी हलली पाहिजेत. पहिल्या सफरीत मी दोन-दोन मोजे कोंबून घट्ट बूट घातले आणि तासाभरात बोटं बधिर झाली. रक्तच नीट फिरत नसेल तर मोजे कितीही जाड असून काय उपयोग! सुती मोजे नकोतच, ते घाम धरून ठेवतात.

अंटार्क्टिकाची गोष्ट वेगळी. रबरी होडीतून उतरताना पाय थेट पाण्यात पडतो, म्हणून गुडघ्यापर्यंतचे गमबूट लागतात. बऱ्याच जहाजांवर ते वापरायला मिळतात, आधी विचारून घ्या. किनाऱ्यावर जाता-येता बूट घासून जंतुनाशकात बुडवावे लागतात.

नवे बूट निघण्याआधी दोन-तीन आठवडे रोज घाला. भिजले तर आतली सुटी गादी (इनसोल) काढून कागद कोंबा, हीटरला टेकवून ठेवू नका. चिकटवलेला तळ सुटतो.