अडलंय ते बोलून दाखव

सोलापूर

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद.

काल तुझी आई बाजारात भेटली. अमेरिकेतल्या ग्रिनेल कॉलेजात तुला प्रवेश मिळाल्याचं सांगताना तिचे डोळे भरून आले आणि लगेच तिनं विचारलं, "बाई, डॉक्टर नाही, इंजिनिअर नाही, मग चार वर्षं तिथं शिकणार तरी काय?" रस्त्यात उभ्या उभ्या मी तिला अर्धवटच उत्तर दिलं. उरलेलं तुला लिहिते.

ग्रिनेल हे आयोवा राज्यातलं गाव जेमतेम दहा हजार वस्तीचं, चहूकडे मका आणि सोयाबीन. कॉलेज 1846 सालचं, मुलं सतराशेच्या आसपास. सगळ्यांना सक्तीचा विषय एकच, पहिल्या सत्रातलं ट्युटोरियल. एक प्राध्यापक आणि फार तर बारा-चौदा मुलं. विषय काहीही असो, खरं काम नीट वाचायला, लिहायला आणि बोलायला शिकण्याचं. शिवाय तू मुख्य विषय ठरवेपर्यंत तेच प्राध्यापक तुझे सल्लागार. म्हणजे पहिल्या दिवसापासून तुला नावानं ओळखणारं एक मोठं माणूस तिथं असेल. मी इथं वर्षानुवर्षं शंभर-शंभर मुलांचे वर्ग घेतले, हजेरी क्रमांकावर घेतली. कितीतरी चांगली पोरं माझ्यासमोर न बोलताच निघून गेली, याचं मला आजही वाईट वाटतं.

मी स्वतः अशाच एका कॉलेजात शिष्यवृत्तीवर गेले, तेव्हा सहा आठवडे तोंड उघडलं नव्हतं. मनातल्या मनात वाक्य जुळवायची, व्याकरण तपासायची, तोवर चर्चा कुठल्या कुठं गेलेली असायची. शेवटी सरांनी मला भेटायला बोलावलं आणि माझं पुस्तक मागितलं. एका पानाच्या समासात मी पेन्सिलीनं मराठीत लिहिलं होतं, 'हे मागच्या पानाशी जुळत नाही.' त्यांनी अर्थ विचारला, मी सांगितला. ते म्हणाले, उद्या वर्गात एवढंच सांग. दुसऱ्या दिवशी हात घामेजलेले असताना मी तेवढंच सांगितलं आणि पुढचा पाऊण तास सगळे त्या दोन पानांवर भांडत होते.

म्हणून उत्तर तयार होण्याची वाट बघू नकोस. कुठं अडलीस ते पान उघडून दाखव. आणि तासाच्या पहिल्या पंधरा मिनिटांत एकदा तरी बोल, कारण जितका उशीर होतो तितका धीर सुटत जातो.

लिहिण्याबद्दल एकच, पण ते फार जपून. आपण 'अपेक्षित' पाठ करून वाढलो, दुसऱ्याचं वाक्य उतरवणं म्हणजेच अभ्यास अशी हाताला सवय लागलेली असते. तिथं ती चोरी ठरते, नाव न सांगता उचललेली कल्पनासुद्धा. वाचतानाच वहीत लेखकाचं नाव आणि पान टिपून ठेव.

इथलं जे तुला ठाऊक आहे तेही टेबलावर आण, पण प्रश्न करून आण. समजा कायदा आणि सत्ता यांवर बोलणं चाललंय. 1930 साली इंग्रज सरकारनं आपल्या शहरात मार्शल लॉ, म्हणजे लष्करी अंमल, पुकारला होता आणि 12 जानेवारी 1931 ला मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन आणि जगन्नाथ शिंदे या स्वातंत्र्यसैनिकांना येरवड्यात फाशी दिली, हे हुतात्मा चौकातून येता-जाता तू लहानपणापासून ऐकलंयस. तिथं नुसता अभिमान सांगशील तर मुलं मान डोलावतील आणि पुढं जातील. त्यांना विचार, नेहमीचा कायदा बाजूला ठेवणारं सरकार त्याच कायद्याच्या नावानं आज्ञा कशी देतं? मग बघ कोण कोण सरसावून बसतं ते.

वर्गाबाहेरही हेच. वसतिगृहातले तंटे मुलांनी आधी आपसात बोलून मिटवायचे, ही तिथली रीत आहे. खोलीतल्या मुलीशी दिवे कधी मालवायचे, पाहुणे कधी यायचे, हे पहिल्याच आठवड्यात बोलून घे. आपल्या मुली मनात धरून बसतात आणि नोव्हेंबरात, पाच वाजताच अंधार पडायला लागला की, रडत घरी फोन करतात. कडक भाकरी आणि शेंगाचटणी नेशीलच, तो डबा खोलीत एकटीनं संपवू नकोस. जेवताना रोज त्याच चार भारतीय मुलींच्या टेबलावर बसू नकोस. अधूनमधून जरूर बस, घरची भाषाही लागते माणसाला.

तू सोलापूरच्या पूर्व भागात वाढलेली. दुकानात तेलुगू, शेजारच्या आजींशी कन्नड, रिक्षावाल्याशी दखनी, सगळं मोडकंतोडकं आणि सगळं बिनधास्त. त्या आजी तुझ्या चुकांना हसायच्या आणि हातावर खाऊ ठेवायच्या. मग इंग्रजीशीच एवढा संकोच कशाला धरतेस?

ट्युटोरियलच्या विषयांची यादी आली असेल तर रविवारी घेऊन ये. पसंतीक्रम लावताना आधीच पाठ असलेला विषय वर ठेवू नकोस एवढं आत्ताच सांगते. एखादा इंग्रजी निबंधही आण. दोघी मिळून वाचू, आणि समासात काय लिहायचं ते तू ठरव. पेन्सिल माझ्याकडे आहे.

तुझ्या बाई