गाठ जुनी, कुत्रा नवा

प्रश्न : सासूबाईंच्या (वय ६१) लिव्हरमध्ये ९ सेंटिमीटरची हायडॅटिड गाठ (जंतामुळे होणारी, पाण्याने भरलेली गाठ) निघाली. डॉक्टर म्हणाले, हे कुत्र्यामुळे होतं. आमचा कुत्रा २ वर्षांचा, मुलं त्याच्या गळ्यात पडलेली असतात. आता त्याला कुणाला तरी देऊन टाकायचं घाटतंय. सासूबाईंचं ताटही वेगळं केलंय. आम्ही सगळ्यांनी रक्त तपासावं का?

उत्तर : आधी ते ताट पुन्हा सगळ्यांच्या ताटांत ठेवा. हा आजार माणसाकडून माणसाला होत नाही.

आता तुमच्या कुत्र्याचं वकीलपत्र घेतो. ही गाठ सहसा वर्षाला सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर वाढते, कधी वर्षानुवर्षं आहे तेवढीच राहते. ९ सेंटिमीटरचा गुन्हा मी २ वर्षांच्या प्राण्यावर लावणार नाही. सासूबाईंना विचारा, लहानपणी, तरुणपणी घरात कुत्रा होता का, आसपास मेंढ्या होत्या का? माझे पेशंट आधी ‘छे’ म्हणतात आणि दार उघडून जाता जाता त्यांना कुत्र्याचं नाव आठवतं!

एकायनोकॉकस हा काही मिलिमीटरचा फीतकृमी कुत्र्याच्या आतड्यात राहतो. गाठी असलेलं मेंढीचं कच्चं काळीज किंवा फुप्फुस खाल्लं की तो कुत्र्यात येतो. कुत्रा दिसायला ठणठणीत असतो, पण विष्ठेतून अंडी पडत राहतात. ती मातीत, त्याच्या केसांवर आणि तिथून आपल्या हातांवर येतात. हातांवरून तोंडावाटे पोटात गेली की लिव्हरमध्ये किंवा फुप्फुसात ही गाठ धरते.

म्हणून तपासणीची यादी आजच्या घरावरून करू नका, त्या जुन्या घरावरून करा. सासूबाईंची भावंडं, आता कुठेही राहत असोत आणि काही त्रास नसला तरी, पोटाची सोनोग्राफी आणि छातीचा एक्स-रे करून घेऊ द्यात. तुमचे यजमान त्या कुत्र्यासोबत वाढले असतील तर तेही. मुलांची सोनोग्राफी हवी तर एकदा करा, मात्र अगदी लहान गाठ तिच्यातही सुटू शकते. रक्तापासून सुरुवात नको. गाठ असून, विशेषतः फुप्फुसात, रक्त निगेटिव्ह येतं आणि दुसऱ्या जंतांमुळे उगाच पॉझिटिव्हही येतं. कुणाला गाठ निघालीच, तर ‘सुई घालून पाणी काढून बघू’ असं घाईने होऊ देऊ नका. आतलं पाणी सांडलं तर जिवावर बेतणारी ॲलर्जी येऊ शकते, पोटात नव्या गाठीही रुजतात.

कुत्रा राहू द्या. पशुवैद्यांकडून त्याला प्राझिक्वान्टेल द्या. जंताच्या प्रत्येक गोळीत ते असतंच असं नाही, म्हणून नाव वाचून घ्या. किती दिवसांनी द्यायचं ते पशुवैद्य सांगतील. धोका जास्त असेल तिथे साधारण दर ६ आठवड्यांनी देतात. कच्चं काळीज बंद. मुलांनी जेवणाआधी साबणाने हात धुवावेत, कारण सॅनिटायझरने ही अंडी मरत नाहीत.

आणि पुढच्या भेटीत सासूबाईंच्या डॉक्टरांना गाठीची अवस्था, सीई १ ते ५ (सोनोग्राफीत गाठ कशी दिसते त्यावरून केलेले प्रकार) पैकी कोणती, हे विचाराच. ऑपरेशन, अल्बेंडाझोल या जंतांवरच्या औषधाच्या गोळ्या की नुसती नजर ठेवायची, हे बरंचसं त्यावरच ठरतं.