शाळेला कलाशिक्षक मिळत नाही, पालकांना पटत नाही… आमच्या शाळेत काय केलं ते सांगते

दादा, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. गुहागर तालुक्यातली जिल्हा परिषदेची सातवीपर्यंतची शाळा, पट ३४, तुम्ही यंदाच शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष झालात आणि पहिल्याच सभेत चित्रकला-संगीताचा विषय काढलात तर पालक म्हणाले आधी इंग्रजीचं बघा. मी कुडाळकडची. आधी मुलगी आणि मग तिच्या पाठचा मुलगा, असे दोघांचे मिळून नऊ वर्षं मी समितीत होते, त्यातली पाच अध्यक्ष. त्यामुळे जे लिहितेय ते करून बघितलेलं आहे.

पहिली गोष्ट, कलाशिक्षकाची वाट बघू नका. शिक्षण हक्क कायद्यात, २००९ च्या, स्पष्ट आहे की सहावी ते आठवीत १०० च्या वर मुलं असतील तरच कला, आरोग्य-शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांना अंशकालीन निदेशक, म्हणजे अर्धवेळ शिकवणारे. आपल्या कोकणात वाडीवाडीवर शाळा, १०० मुलं आणायची कुठून? मी दोन वर्षं अर्ज करत बसले, ती दोन वर्षं फुकट गेली. समग्र शिक्षा या सरकारी योजनेचं शाळा अनुदानही पटावर, ३० पर्यंत १० हजार आणि पुढे १०० पर्यंत २५ हजार, त्यातच लाइटबिल, खडू, किरकोळ दुरुस्ती, रंगांना काय उरणार. पण त्याच कायद्याने तुम्हाला समिती दिलीय, तिच्यात तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या बायका असायला लागतात. तुमची ताकद ती आहे, ती वापरा.

आमची सुरुवात चुकली होती तेही सांगते. मुंबईच्या एका देणगीदारांनी मोठ्या मनाने कीबोर्ड आणि दोन ड्रम पाठवले. फोटो काढले, टाळ्या झाल्या आणि सगळं कपाटात गेलं, कारण शिकवणार कोण? दोन पावसाळे गेले आणि उघडलं तर ड्रमच्या कातड्याला हिरवी बुरशी, कीबोर्डच्या पट्ट्या दाबल्या की वरच येईनात. मला रडू आलं अक्षरशः. तेव्हा कळलं की आधी माणूस पाहिजे, वस्तू त्याच्या मागून.

मग मी एक वही घेतली आणि वाडीवाडीत फिरले, कोणाला काय येतं एवढंच विचारत. पंधरा दिवसांत वही भरली. दोन पखवाजवाले, एक पेटीवाले बुवा, दशावतारात वीस वर्षं राक्षस केलेले एक काका, सुपं विणणारं एक घर, फुगडीची शंभरेक गाणी तोंडपाठ असलेल्या एक आजी, आणि शाळेपासून हाकेच्या अंतरावर गणपतीची शाळा, म्हणजे मूर्ती घडवायची जागा, जिथे आमची पोरं नाहीतरी संध्याकाळी जाऊन माती मळत बसायची. एवढं सगळं गावात आणि आम्ही सरकारकडे माणूस मागत होतो! यातल्या एकानेही स्वतःला कलाकार म्हटलं नाही हं. पखवाजवाल्यांतले एक बुवा तर म्हणाले, "आमका शाळेत कोण घेतला? मी चौथी नापास." त्यांना शाळेच्या पायरीपर्यंत आणायलाच तीन चकरा मारल्या.

ते पहिल्यांदा आले तो दिवस मला अजून दिसतो. जुलैतला शनिवार, बाहेर धो धो पाऊस. बुवांनी घरून कणकेचा गोळा आणलेला, ओल्या फडक्यात गुंडाळून. पखवाजाच्या डाव्या पुडीला कणीक लावतात हे मुलांना माहीतच नव्हतं, सगळी वाकून बघतायत. बुवांनी कणीक थापली, थाप मारली, मान हलवली आणि चौथीतल्या एका मुलीला म्हणाले, तू चिमूटभर काढ. तिने काढली, परत थाप. अजून काढ. तिसऱ्या वेळेला आवाज असा खोल लागला की वर्ग एकदम गप्प. मग भजनी ठेका, ८ मात्रा, निम्मी मुलं हाताने टाळी देतायत आणि निम्मी दुप्पट, आणि आमच्या बाईंनी तिथेच फळ्यावर अर्धा-पाव काढून अपूर्णांक शिकवायला घेतले, कोणी सांगितलं नव्हतं त्यांना. न्यायला आलेले पालक छत्र्या मिटून खिडकीत उभे. त्या मुलीचा बाप सभेत सगळ्यात जास्त विरोध करणारा, तो आत डोकावून म्हणाला, "ह्यां माझ्या चेडवान वाजवल्यान?" म्हणजे हे माझ्या मुलीने वाजवलं? त्यानंतर त्याच्याशी मला या विषयावर एकदाही वाद घालावा लागला नाही. माझ्या दहा भाषणांनी जे झालं नव्हतं ते त्या खिडकीत झालं. म्हणून सांगते, सभेत पटवत बसू नका, पालकांना त्यांच्याच पोराचं काम दिसेल अशी व्यवस्था करा.

आता मुलींचं. तुमच्याकडे नमन आणि जाखडी या लोककला, आमच्याकडे दशावतार आणि भजन, सगळीकडे परंपरेने पुरुषच पुढे. आमच्याकडेही दोघातिघांनी कुरकुर केली की मुलींनी पखवाजाला हात लावायचा नाही. मी घाबरले होते खरं तर. पण समितीतल्या आया एक झाल्या आणि बुवा स्वतः म्हणाले की सरस्वतीच्या हातात वीणा आसा मां, मग? विषय तिथे संपला. तुम्ही मात्र पहिल्या दिवसापासून मुलींना बसवा, नंतर घेऊ म्हणालात की नंतर येतच नाही.

इंग्रजीवाल्या पालकांना विरोधक समजू नका, त्यांची काळजी खरी आहे. दारातून इंग्रजी मिडीयमची बस जाते आणि आपला पट दरवर्षी कमी होतो, कोणालाही धास्ती वाटेल. आम्ही दप्तराविना दिवसांतला एक दिवस घेऊन मुलांना एसटीने कुडाळजवळच्या पिंगुळीला नेलं, चित्रकथी बघायला. ठाकर समाजाची ही कला, एकेक चित्र पुढे धरत गाऊन गोष्ट सांगायची, याच कामासाठी तिथल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ ची पद्मश्री मिळाली. परत आल्यावर मुलांनी स्वतःची गोष्ट १२ चित्रांत काढली, आमच्या ओहोळाला आलेल्या पुराची, आणि ती आधी मालवणीत, मग मराठीत आणि शेवटी बाईंच्या मदतीने इंग्रजीत सांगितली. इंग्रजीतलं ऐकून पालक जेवढे खूश झाले तेवढे बाकी कशानेच नाही. दहावीला चित्रकलेच्या ग्रेड परीक्षेचे आणि लोककलेचे वाढीव गुण मिळतात तेही सांगा, पण सगळा भार त्यावर टाकू नका, तिसरीतल्या पोराच्या आईला दहावी फार लांब असते.

पैशाबद्दल. गणपतीत चाकरमानी गावी येतात तेव्हा मुंबई मंडळाची माणसं एकत्र भेटतात, तीच वेळ. आम्ही रोख मागितली नाही, यादी लावली. पखवाजाची पुडी बदलणे, टाळांचे पाच जोड, शाडू माती, ड्रॉइंग पेपर, आणि एका घराने एकच वस्तू घ्यायची. दोन दिवसांत यादी संपली. जे थोडे पैसे आले ते समितीच्या खात्यात, ठराव करून, आणि हिशोब शाळेच्या फळ्यावर आणि गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर, अगदी पेन्सिलीपर्यंत. गावात हिशोबावरून एकदा शंका आली की चांगलं काम बसतं, हे मी दुसऱ्या कामात बघितलंय. ग्रामपंचायतीकडे जायचं तर १५ ऑगस्टची ग्रामसभा धरा, आधी मुलांनी दहा मिनिटं सादर करायचं आणि लगेच विकास आराखड्यात शाळेच्या कलासाहित्याचा विषय मांडायचा. आमचा तसाच मंजूर झाला.

मानपान सांभाळा. प्रत्येक वाडीतून निदान एक माणूस घ्या, नाहीतर शाळा एका वाडीची होते. कार्यक्रमात आम्ही खुर्च्याच ठेवल्या नाहीत, सगळे सतरंजीवर, त्यामुळे पुढे कोण मागे कोण हा प्रश्नच आला नाही.

आणि हे लेखी करून घ्या. २०२० च्या शैक्षणिक धोरणात स्थानिक कलांसाठी गावातल्या जाणकारांना शाळेत बोलवायला मोकळीक दिलीय, तो मुद्दा घालून मुख्याध्यापकांमार्फत केंद्रप्रमुखांना पत्र द्या. बाहेरचा माणूस कितीही ओळखीचा असला तरी मुलांजवळ तो एकटा नको, एक शिक्षक किंवा एक आई वर्गात बसलीच पाहिजे. यात आम्ही कधीच सूट दिली नाही.

वेळ चुकवू नका. आमचे दशावतारवाले दिवाळीनंतर रात्र रात्र जत्रेत असतात ते थेट पावसाच्या तोंडापर्यंत, तेव्हा त्यांना बोलवून उपयोग नाही. तुमच्याकडे जाखडीवाले गणपतीत आणि नमनवाले शिमग्यात अडकणार. म्हणजे लावणी उरकली की गणपतीच्या आधीचे तीनचार आठवडे, तेव्हा माणूस घरात असतो आणि पावसामुळे निवांतही असतो. आता वही घ्या आणि पहिलं नाव लिहा. त्यांना फोन करू नका, मुख्याध्यापकांना सोबत घेऊन घरी जा, नारळ आणि पानाचा विडा घेऊन, जसं आपण कार्याचं बोलावणं करायला जातो तसं. आमचे बुवा तिसऱ्या चकरेला आले ते मी नारळ नेला म्हणूनच.