दहात तीन म्हणजे शून्य नव्हे

सप्रेम आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. बोअरसाठी तू दाखवलेले लागोपाठ दोन पॉईंट कोरडे गेले, तिसऱ्या गावात लोकांनी मशीनच्या वायरी गुंडाळून तुझ्या हातात दिल्या आणि तुझ्यासमोरच नारळावर पाणी शोधणाऱ्या पाणाड्याला बोलावून आणलं. वर तुझ्या साहेबांचा सल्ला, ‘आवाजात जोर पाहिजे, लागणार म्हणजे लागणार असं ठोकून सांगायचं.’ आणि तुझं म्हणणं असं, की या धंद्यात कुणालाच काही कळत नाही, आपलं मशीन आणि त्याचा नारळ एकाच माळेचे मणी. साहेबांचा राग आला नाही, अशी माणसं जन्मभर पाहिली. राग तुझ्या वाक्याचा आला.

धीर देत बसत नाही, तुला त्याची गरज नाही. माझ्यापाशी सांगण्यासारखं एकच आहे, आणि ते मी कंटाळा येईपर्यंत सांगणार आहे: आकडा बोल, आणि कशावरून ते बोल.

‘लागणार’ हा आकडा नाही. ‘काही सांगता येत नाही’ हाही नाही. दोन्ही वाक्यांत एकच सोय आहे, उद्या कुणी जाब विचारला तर सापडायचं नाही.

मशीन काय सांगतं ते तुला ठाऊक आहे. जमिनीत चार सळया ठोकल्या, बाहेरच्या दोनांतून वीज सोडली, आतल्या दोनांत मोजली. घट्ट काळा कातळ असेल तर रीडिंग, म्हणजे विजेला होणारा विरोध, चढतं, ओल असेल तर उतरतं. पण उतरलेलं रीडिंग पाण्यानं भरलेल्या भेगाळ खडकाचं असेल, तसंच दोन लाव्हा थरांमधल्या त्या तांबड्या चिकण थराचंही असेल. तो थर ओल धरतो, सोडत नाही. मशीनला हा फरक कळत नाही. म्हणून आजूबाजूच्या विहिरी उतरून बघायच्या. मुरूम कुठे संपला, झरा कुठल्या उंचीवर आहे, मार्चमध्ये पाणी किती खाली जातं. हे सगळं जमलं की म्हणायचं, दहात सहा, म्हणजे अशा दहा जागांपैकी सहांत पाणी लागेल. विहिरी बघितल्या नसतील तर दहात चार, आणि तसं सांगायचं. हा अंदाजच आहे, नाही कोण म्हणतं? पण याला हातपाय आहेत, प्रत्येक पायाला बोट लावून विचारता येतं, हा कशावरून?

आता पाणाड्या. त्याला हसू नकोस. तळहातावर आडवा ठेवलेला नारळ उभा राहतो यावर माझा काडीचा विश्वास नाही. पण तो नारळ घेऊन कुठे कुठे फिरतो ते बघ: ओढ्याच्या बाजूनं, उंबराजवळून, वारुळाच्या आसपास. माळाच्या टेकाडावर त्याचा नारळ क्वचितच उभा राहतो. वराहमिहिरानं सहाव्या शतकात बृहत्संहितेत ‘दकार्गल’ नावाचा अख्खा अध्याय लिहिला आहे. कुठलं झाड, वारूळ कुठल्या दिशेला, पाणी किती पुरुष, म्हणजे किती माणूस, खोल. त्यातलं बरंच मला पटत नाही, पण तो माणूस कशावरून ते सांगतो, म्हणून त्याचं म्हणणं तपासता येतं. नारळाचं तपासता येत नाही. शिवाय या कातळात थोडंफार पाणी बऱ्याच ठिकाणी लागतंच. जिथे लागलं तिथला शेतकरी पाणाड्याला फेटा बांधतो, जिथे फुफाटा उडाला तिथे त्याचं नाव पुन्हा निघत नाही. दुसरी वही कुणी ठेवतच नाही.

यावरून आमच्या घरची गोष्ट. वडिलांना बोअर मारायचा होता. मी जागा बघितली आणि म्हणालो, दहात तीन. पाणाड्या म्हणाला, दोन इंच, नक्की. वडिलांनी त्याचं ऐकलं आणि १८० फुटांवर दोन इंच पाणी लागलं. मरेपर्यंत ते आल्यागेल्याला ही गोष्ट सांगत, मला ऐकू जाईल अशा आवाजात. मी आजही सांगतो, माझं चुकलं नव्हतं. दहात तीन म्हणजे शून्य नव्हे! तीन वेळा लागणारच की. अशा दहा जागा फोडून सात ठिकाणी पाणी लागलं असतं तर मी खोटा ठरलो असतो. एका बोअरवरून ना मी खोटा, ना तो खरा. हे तुला स्वतःचं समर्थन वाटेल. वाटू दे. रुखरुख वेगळीच आहे. पहिलं पाणी वर आलं तेव्हा वडील ओंजळ भरून उभे होते आणि मी त्यांना संभाव्यता शिकवत होतो.

तीन म्हणजे शून्य नव्हे हे न कळल्यानं काय होतं ते बघायचं तर किल्लारीला जा. १९९३ च्या आधीच्या भूकंपप्रवण नकाशावर तो भाग सगळ्यात खालच्या, पहिल्या श्रेणीत होता. त्याचा अर्थ होता सगळ्यात कमी धोका. वाचला गेला ‘धोका नाही’ असा. ऑक्टोबर १९९२ मध्ये तिथे हादरे बसले होते, तरी घरं तीच राहिली: दगडमातीच्या जाड भिंती, वर मातीचं जड माळवद. ३० सप्टेंबर १९९३ ला, गणपती विसर्जनानंतरच्या पहाटे चारच्या सुमारास, ती घरं झोपलेल्या माणसांवर आली. हजारो माणसं गेली. पुढे २००२ च्या नकाशात पहिली श्रेणीच काढून टाकली आणि किल्लारी तिसरीत गेली. आता तू म्हणशील, बघा, नकाशा बदलला, म्हणजे शास्त्राचंही काही खरं नाही. अगं, बदलला तो पुरावा आला म्हणून. आणि कशावरून बदलला ते छापलेलं आहे. नारळ कधी बदललेला ऐकलास?

सगळ्यावरच शंका घेणाऱ्यांची मला चीड येते, तुला म्हणून सांगतो. त्यात कष्ट नाहीत. तुझ्या पायाखालचा हा कातळ साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा आहे. तिथे मी ‘दहात अमुक’ म्हणत नाही, कारण आरगॉनवरून काढलेलं वय आणि युरेनियमवरून काढलेलं वय, दोन अगदी वेगळ्या वाटा, एकाच ठिकाणी येऊन पोचतात. जिथे पुरावा इतका भक्कम आहे तिथे ‘असेलही, नसेलही’ म्हणणं हा विनय नव्हे, आळस आहे. शंकेलाही विचारायचं, बाई, तू कशावरून?

याची किंमत पडते, ते लपवत नाही. ऑफिसात माझं नाव ‘नरो वा कुंजरो वा’ पडलं होतं. ठोकून सांगणारे पुढे गेले, मी आडगावच्या बदल्या घेत राहिलो. पण कर्ज शेतकऱ्याचं असतं. दहात सहा ऐकून तो म्हणू शकतो, घेतो जोखीम. दहात तीन ऐकून म्हणू शकतो, राहू दे, आहे तीच विहीर दोन परस खाली नेतो. ‘लागणारच’ म्हणून तू त्याचा हा निर्णय परस्पर घेतेस, आणि हप्ता मात्र तो भरतो. एवढ्यासाठी नाव ठेवून घ्यायला मी तेव्हाही तयार होतो.

आता काम. यंदा दिलेल्या सगळ्या पॉईंटांची यादी मला पाठव. ते दोन कोरडे तर हवेतच. प्रत्येकापुढे लिही, आधी किती म्हणाली होतीस, कशावरून, आणि निघालं काय. आधीचा आकडा नसेल तर जागा कोरी ठेव, आता आठवून भरू नकोस. पुढच्या पॉईंटपासून बोअरची गाडी शेतात शिरायच्या आधी तारीख घालून लिहायचं आणि शेतकऱ्याची सही घ्यायची. असे पाच-पन्नास साठले की बघू, तुझ्या ‘दहात सहा’मधले खरोखर दहात सहा लागतात का. आठ लागत असतील तर तू भित्री आहेस, तीन लागत असतील तर फुशारकी मारतेस. दोन कोरड्या बोअरवरून यातलं काहीच ठरत नाही, मग तू कशावरून ठरवलंस?

बाकी क्षेम. उन्हाचं डोक्याला काहीतरी बांधत जा.