लक्षणीय की सार्थ?

प्रश्न असा आहे: आरोग्यविषयक लेखाच्या भाषांतरात ‘या जनुकीय बदलाचा लठ्ठपणाशी लक्षणीय संबंध आढळला’ असं वाक्य होतं. मूळ इंग्रजी शब्द संख्याशास्त्रातला ‘सिग्निफिकंट’. तपासणाऱ्याने ‘लक्षणीय’ खोडून ‘सार्थ’ लिहिलं. बरोबर कोणतं?

व्युत्पत्ती पाहिली तर दोन्ही निर्दोष. ‘लक्ष्’ धातूला ‘अनीय’ लागून लक्षणीय झाला. दर्शनीय म्हणजे पाहण्याजोगं, तसं लक्षणीय म्हणजे लक्ष देण्याजोगं. किती मोठं, ते त्यात कुठेच नाही. पण ‘विक्रीत लक्षणीय वाढ’ हे इतक्यांदा वाचलंय की लक्षणीय म्हटलं की आपल्याला भरघोस असंच ऐकू येतं. त्यात वैद्यकात ‘लक्षण’ आधीच ताप-खोकल्याला देऊन टाकलेलं.

‘सार्थ’ म्हणजे अर्थासह. नेटका शब्द, आणि ‘सार्थकता’ संख्याशास्त्राच्या विद्यार्थ्याला ओळखीची. बाकीच्यांना मात्र ‘सार्थ अभिमान’ आणि ‘जन्माचं सार्थक’ एवढेच प्रयोग ठाऊक. त्यांना ‘सार्थ संबंध’ म्हणजे रास्त संबंध वाटला तर दोष त्यांचा नाही.

मुळात सांगायचं काय असतं? संख्याशास्त्रज्ञ एजवर्थने १८८५ मध्ये ‘सिग्निफिकंट’ हा शब्द वापरला, तेव्हा त्याचा रोख ‘हा फरक काहीतरी सुचवतो, नुसता योगायोग नव्हे’ एवढाच होता. पुढे संख्याशास्त्रज्ञ फिशरच्या १९२५ च्या पुस्तकामुळे ‘२० त १’ ही सोयीची मर्यादा रूढ झाली: संबंध नसतानाही एवढा फरक योगायोगाने दिसण्याची शक्यता २० त १ पेक्षा कमी असेल, तरच तो ‘सिग्निफिकंट’. (हाच फिशर १९१८ साली मेंडेलचे नियम आणि नातेवाइकांमधलं साम्य यांची गणिती सांगड घालून बसला होता. जनुकं आणि संख्या यांचं सख्य जुनं आहे.)

जनुकीय संशोधनात ही २० त १ ची चाळण अगदीच भोकाभोकाची ठरते. सगळा जनुकसंच धुंडाळताना साधारण १० लाख स्वतंत्र चाचण्या केल्यासारखं होतं. कशाचाच कशाशी संबंध नसला, तरी त्यातल्या ५० हजार निव्वळ योगायोगाने ‘लक्षणीय’ निघतील! म्हणून तिथे मर्यादा २ कोटींत १ अशी धरतात.

आता मजा पाहा. एफटीओ या जनुकातला एक भेद २००७ मध्ये लठ्ठपणाशी जोडला गेला. हजारो माणसं तपासलेली, त्यामुळे योगायोगाची शंका जवळजवळ उरलीच नाही. आणि परिणाम? आई-वडील दोघांकडूनही तो भेद आलेल्या प्रौढांचं वजन तो अजिबात नसलेल्यांपेक्षा सरासरी ३ किलोंच्या आसपास जास्त. माणसामाणसांच्या बांध्यात जी तफावत दिसते, तिचा १ टक्काही यातून उलगडत नाही. खात्री दांडगी, परिणाम बेताचा. इथे नुसतं ‘लक्षणीय संबंध’ लिहिलं की वाचक खात्रीचा दांडगेपणा परिणामाला चिकटवतो आणि आपलं वजन जनुकांच्या माथी मारून मोकळा होतो.

तेव्हा माझा कौल असा. शोधनिबंधात ‘सार्थ’ चालू द्या, तिथल्या वाचकाला त्याचा अर्थ शिकवलेला असतो. सर्वसाधारण लेखात ‘लक्षणीय’ ठेवायचाच असेल तर ‘सांख्यिकीदृष्ट्या’ हे जोखड मानेवर ठेवूनच. आणि शक्य असेल तर विशेषणाचा नाद सोडून क्रियापदाला कामाला लावा: ‘या बदलाचा लठ्ठपणाशी संबंध दिसतो, संबंध नसता तर एवढा फरक योगायोगाने क्वचितच दिसला असता. फरक मात्र थोडा आहे.’ शब्द वाढतात, वाढू देत.

‘अर्थपूर्ण’ सुचवणारेही भेटतात. पण राजकारण्यांच्या ‘अर्थपूर्ण चर्चा’ ऐकल्यानंतर तो शब्द औषधांच्या चाचणीजवळ न्यायची माझी तरी छाती होत नाही.