चार्ल्स एरिक्सन मारतो का? (तुमच्या भांडणावर माझं थोडं)

हॅलो रे,

तुझी व्हॉइस नोट ऐकली, केवढी मोठी ती, आणि अर्धी नुसती चिडचिड. गेम जेमतेम दोन तासांचा, फुकट मिळालेला, आणि त्यावरून तू आणि तुझा रूममेट एकमेकांशी बोलत नाही आहात, कमाल आहे तुमची. तरी मला आवडलं हं, लोक गेम संपवतात आणि विसरून जातात, तुम्ही निदान त्या पोराचा विचार तरी करताय.

तू म्हणतोस कॅप्टन स्पिरिट या गेममधला बाप, चार्ल्स, अब्युझिव्ह आहे, तो म्हणतो बायको गेलेला माणूस आहे, पितो, खचलाय, पण मारताना कुठे दाखवलंय सांग. आता खरं सांगायचं तर मारताना कुठेच दाखवलेलं नाही, हे तू मान्य करून टाक, नाहीतर वाद तिथेच अडकून राहणार. डोंटनोड या गेम कंपनीने 2018च्या जूनमध्ये हा छोटा गेम काढला तेव्हा मुद्दाम सगळं एका सकाळीत बसवलं, ओरेगनमधलं बीव्हर क्रीक, डिसेंबर, बर्फ, घरात फक्त लहानगा क्रिस आणि त्याचा बाप, आणि आपल्या हातात फक्त क्रिस. जे झालंय ते आधी होऊन गेलंय. आपल्याला दिसते ती खूण.

तर ती खूण. नाश्त्याच्या वेळी पोराच्या दंडावरच्या खुणेचा विषय निघतो आणि बाप अवघडतो. तुझा रूममेट म्हणतो की पडला असेल, मुलं पडतातच. हो, पडतात, पण मग बाप असा का अवघडला? नुसत्या खुणेवरून काहीही म्हणता येतं, पण खूण आणि तिच्याभोवतीचं ते अवघडलेलं बोलणं एकत्र घेतलं की 'पडला असेल' म्हणणाऱ्याला जरा जास्त जोर लावावा लागतो. आणि ही काही खरी घटना नव्हे रे, खऱ्या घरात खूण योगायोगाने असू शकते, गेममध्ये कुणीतरी बसून ती काढलेली असते, त्या सीनमध्ये ती ठेवायची असं ठरवलेलं असतं. पण हाच नियम तुझ्यावरही उलटतो बरं का. बाप पोराला ख्रिसमस ट्री आणायला नेतो म्हणून कबूल करतो, तेही कुणीतरी लिहिलंय. प्रेम दाखवलंय ते खोटं आहे असं म्हणून तुला ते उडवून लावता येणार नाही.

मला वाटतं तुम्ही दोघं वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देताय आणि एकाच प्रश्नावर भांडतोय असं समजताय. हात उचलतो का, हा एक प्रश्न, त्यात धूसरपणा आहे. पोराकडे दुर्लक्ष होतं का, यात कसला धूसरपणा? सकाळी सकाळी व्हिस्की, मग बास्केटबॉलची मॅच लावून खुर्चीतच झोप, आणि पोरगं सगळा वेळ एकटं. पोरगं घाबरतं का, हा तिसरा. आणि शेवटी दारूच्या भरात चार्ल्स आईच्या मृत्यूचं खापर त्या पोरावर फोडतो, ते तर आपण कानांनी ऐकतो, त्याला पुरावा कसला मागायचा! रूममेट पहिल्या प्रश्नातला धूसरपणा उचलून सगळ्यावर पांघरूण घालतोय, आणि तू बाकीच्यांमधली खात्री उचलून पहिल्यावर चिकटवतोयस. दोघंही चलाखी करताय, न कळत का होईना.

आणि हो, त्याचा 'दुःखात आहे' हा मुद्दा. बायको, एमिली, हिट अँड रनमध्ये गेली, तो माणूस मोडलाय, मान्य. पण तो असं का वागतो हे त्यातून कळतं, वागतच नाही हे कुठे सिद्ध होतं? हे तू त्याला शांतपणे विचार, आवाज न चढवता, तुला ते जमत नाही म्हणून लिहितेय.

तू एक गोष्ट पूर्णच सोडून दिलीस व्हॉइस नोटमध्ये, मला सगळ्यात महत्त्वाची तीच वाटते. आपण सगळं क्रिसच्या डोळ्यांनी बघतो, आणि क्रिस तर वॉटर हीटरमध्ये राक्षस बघणारा मुलगा, मग त्याच्यावर किती विश्वास ठेवायचा असा प्रश्न येतोच. येऊ दे. पण तो कुठल्या बाजूला झुकतो ते बघ. शेजारची क्लेअर रेनॉल्ड्स काळजीने दारात येते तेव्हा गेम तुला खोटं बोलायचा पर्याय देतो, बापाला सांभाळून घ्यायचा. साक्षीदार कच्चा आहे, पण तो बापाच्या बाजूने कच्चा आहे! म्हणजे त्याने सांगितलं त्यापेक्षा घरात जास्त असायची शक्यता, कमी असायची नाही.

आता डेव्हिड मॅडसनवर येते, कारण तुझा रूममेट म्हणाला की याच मालिकेतल्या पहिल्या गेममध्ये, लाइफ इज स्ट्रेंजमध्ये, पण सगळे डेव्हिडला उगाच बदनाम करतात. 2015चा गेम, आर्केडिया बे गाव, आपण खेळतो ती मॅक्स, आणि डेव्हिड म्हणजे तिच्या मैत्रिणीचा, क्लोईचा, सावत्र बाप. पहिल्याच एपिसोडमध्ये तो क्लोईच्या खोलीत येतो, जॉइंट सापडतो. मॅक्स लपून राहिली तर तो क्लोईच्या थोबाडीत मारतो. मॅक्सने पुढे येऊन माझा आहे म्हटलं तर ती थोबाडीत पडतच नाही. कळतंय ना? दोन मित्र, एकच गेम, आणि एकाने ती चपराक बघितलीय, दुसऱ्याने कधीच नाही! असल्या गेमवर वाद घालायच्या आधी 'तू काय निवडलं होतंस' हे विचारायलाच हवं, अर्धी भांडणं तिथेच मिटतात. अर्थात त्याने घरात पाळतीसाठी लावलेले कॅमेरे दोघांनाही दिसतात, तेव्हा डेव्हिड काही अगदी सुटत नाही. पाचव्या एपिसोडमध्ये तो मॅक्सला वाचवतो म्हणून लोक त्याला माफ करून मोकळे होतात, मला ते कधी पटलं नाही, शूर माणूस घरात जाच करू शकतो, हे काय आपल्याला नवीन आहे का.

2019च्या जानेवारीत आलेला लाइफ इज स्ट्रेंज 2चा दुसरा एपिसोड तुम्ही दोघांनी एकत्र खेळा. तिथे चार्ल्स भेटतो, पण या वेळी आपण शॉन डियाझ असतो, बाहेरचे. आणि बाहेरून तो बरा वाटतो रे, गप्पा मारतो, मुलांना ख्रिसमस मार्केटला घेऊन जातो. आधी क्रिस म्हणून त्या घरात वावरलेला माणूस त्याच्या गप्पांकडे कसा बघतो आणि न वावरलेला कसा, ते एकमेकांचं बघा.

अजून एक, हे जरा जपून. तुझ्या नोटच्या शेवटी तू हसत सांगितलंस की तो एकदम म्हणाला 'सगळ्यांचेच बाप असे असतात' आणि लाइट बंद करून झोपला. मी तिथे हसले नाही. त्याचा काहीही अर्थ नसेल, नुसतं चिडून बोलला असेल. पण जे चार्ल्सबद्दल सांगितलं तेच इथे लावून त्याच्या घराचा तपास सुरू करू नकोस, प्लीज, तो गेममधला कॅरेक्टर नाही. खुणा शोधू नकोस, कोपऱ्यात घेऊन विचारू नकोस, आणि चार मित्रांत तर विषयही काढू नकोस. तू फक्त वाद जिंकायचं सोड, आज रात्रीच, आणि त्याच्याबरोबर जेवायला जा. तो आपणहून बोलला तर ऐक, मध्ये पुरावा मागू नकोस. त्याला घरी धाकटी बहीण आहे म्हणालास ना, कधी तसं काही कानावर आलंच तर लहान मुलांसाठी 1098 हा नंबर आहे, फुकट लागतो, फोन करायला आधी सगळं सिद्ध करायची गरज नसते.

आणि गेमचा विषय निघालाच, तर चार्ल्सचं नंतर बघू म्हण. आधी त्याला विचार की क्लेअर दारात आली तेव्हा त्याने काय उत्तर दिलं होतं.

ताई