गावच्या दुकानातलं खुलं तेल तळून झालेलं, जुनं असू शकतं का? घरी कसं ओळखायचं?

ताई, तुम्ही लिहिलंय की गावातल्या दुकानातून पिप्यातलं खुलं तेल घेता, ते पाकिटापेक्षा किलोमागे वीस रुपयांनी स्वस्त पडतं. पण हल्ली पुऱ्या तळताना कढईभर फेस येतो, धुरानं घसा खवखवतो आणि सासूबाईंच्या पायांवर सूज आहे.

हो, ते तेल जुनं असू शकतं. हे मी ऐकीव सांगत नाही. यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा-दिग्रस भागात मी लग्नांचा स्वयंपाक करतो, आणि असं तेल तीन सीझन माझ्याच हातून बाजारात गेलंय.

आठशे पानांची पंगत असली की पुऱ्या, बुंदी, भजे यांना चार-पाच पिपे तेल लागतं. शेवटी कढईत पिपाभर काळं तेल उरतं. लग्नघरात कुणाला त्याची फिकीर नसते. तालुक्याहून एक माणूस मोटारसायकलला कॅन बांधून यायचा, तेल मोजायचा, रोख पैसे द्यायचा. साबणाच्या कारखान्यात जातं म्हणायचा. त्या पैशांत माझ्या पोरांची मजुरी निघायची, म्हणून मी जास्त विचारलं नाही. चौथ्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर मसाला घ्यायला एका ठोक दुकानात गेलो, तर मागच्या खोलीत तेच कॅन उभे होते. जुनं तेल निवळून, फडक्यानं गाळून, ताज्या पामतेलात मिसळून पिप्यांत भरणं चाललं होतं. पिप्यांवर लेबल दुसऱ्याच तेलाचं. रंग मधासारखा, वास जवळजवळ नाही. मी बोललो तर दुकानदार म्हणाला, "महाराज, तुमचंच तेल हाय, तुमालेच कडू लागते का?" त्या दिवसापासून एक थेंब विकला नाही. तीन वर्षांत ते कुणाकुणाच्या लेकराच्या ताटात गेलं असेल, हा विचार मात्र अजून जात नाही.

आता त्या तेलात काय बिघडतं ते सांगतो. कढई १८० अंशांच्या आसपास तापते. वरून हवा लागते आणि पुरीतलं, भज्यातलं पाणी तेलात उतरतं. त्यानं तेल फुटतं, आंबट होतं, त्याचे कण एकमेकांना चिकटून ते घट्ट होतं. म्हणून जुनं तेल चिकट लागतं, कढईच्या काठाला तपकिरी थर धरतं, फेसाळतं आणि ताज्या तेलापेक्षा लवकर धूर सोडतं. डोळ्यांना, घशाला झोंबतो तो हाच धूर. गाळून जळका चुरा निघतो, ताजं तेल मिसळून रंग उजळतो, पण तापून जे बिघडलं ते तसंच राहतं. या बिघाडातून तेलात जे घटक तयार होतात, त्यांना 'टोटल पोलर कंपाउंड्स' म्हणतात. १ जुलै २०१८ पासून देशात नियम आहे की तेलात त्यांचं प्रमाण २५ टक्क्यांच्या वर गेलं तर ते तेल वापरायचं नाही. असं तेल खाण्यात राहिलं तर रक्तदाब, रक्तवाहिन्या कडक होणं, यकृताचे आजार यांचा धोका वाढतो, असं अन्न सुरक्षा प्राधिकरणच सांगतं. एका जेवणात काही कळत नाही. वर्षानुवर्षं खाल्ल्यावर कळतं, आणि तेव्हा दोष तेलाला कुणी देत नाही.

घरच्या परीक्षांबद्दल सरळ सांगतो, त्यांच्यावर फार भरवसा ठेवू नका. व्हिडिओत तेल फ्रिजमध्ये ठेवून गोठलं की भेसळ, असं दाखवतात. पण अस्सल फल्लीचं, म्हणजे शेंगदाण्याचं, तेलही थंडीत गढूळ होऊन थिजतं. पामतेलही थिजतं, आणि पामतेल म्हणजे विष नव्हे. ते फल्लीचं म्हणून विकणं ही फसवणूक आहे. सोयाबीन किंवा सरकीच्या तेलात जुनं तेल मिसळलं असेल तर फ्रिजमध्ये त्याचा पत्ता लागेलच असं नाही. थोडा फेस ओल्या पिठानंही येतो, घाणीच्या तेलालाही येतो. मात्र पहिल्याच वेळी, नुसतं तेल तापवताना फेस, जळकट किंवा मसाल्याचा-मासळीचा वास, आणि बोटांत ओढल्यावर चिकटपणा हे सगळं एकत्र आलं तर ते तेल बाजूला ठेवा. पक्कं उत्तर प्रयोगशाळाच देते.

त्यापेक्षा तेल तुमच्या दुकानात कुठून आलं ते बघा. खुलं खाद्यतेल विकायला २०११ च्या अन्न सुरक्षा नियमांत मनाई आहे. राज्य सरकारनं खास सूट दिली तरच चालतं. एकदा वापरलेल्या पत्र्याच्या पिप्यात पुन्हा खाद्यतेल भरायलाही बंदी आहे. म्हणून पिपा तुमच्यासमोर फोडला का, झाकणाचं सील शाबूत होतं का, पत्र्याला गंज, पोचे, जुन्या लेबलाचा डिंक आहे का, हे बघा. आमच्याकडे लेबल धड असलेल्या रिकाम्या पिप्याला जास्त भाव मिळतो. तो का मिळतो, हे मला त्या मागच्या खोलीत कळलं. तुमच्या घरचा पिपा भंगारात देण्याआधी त्याला खिळ्यानं चार भोकं पाडा.

वीस रुपयांचा हिशेबही एकदा तपासा. एक लिटर तेल म्हणजे सुमारे ९१० ग्रॅम. दुकानदार लिटरच्या मापानं देऊन भाव किलोचा सांगत असेल, तर स्वस्ताईतला निम्मा भाग तिथंच जातो. पाकिटावरही ग्रॅम वाचूनच घ्या.

खेड्यात खरी अडचण उधारीची आहे, हे मला माहीत आहे. कापूस निघेपर्यंत खातं ज्याच्याकडे, त्याच्याशी भांडता येत नाही. भांडूही नका. अन्न व औषध प्रशासनाचा टोल फ्री नंबर १८००२२२३६५ आहे, तिथं फोन करा. जिल्ह्याच्या कार्यालयात सहायक आयुक्त (अन्न) यांच्या नावानं अर्जही चालतो. अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम ४० प्रमाणे ग्राहकाला स्वतः शुल्क भरून नमुना तपासून घेता येतो, आणि नमुना दोषी निघाला तर पैसे परत मिळतात. त्यासाठी पावती हाताशी असलेली बरी, म्हणून साध्या कागदावर का होईना, तारीख टाकून लिहून घ्या.

सासूबाईंच्या पायांचं मात्र वाट बघत ठेवू नका. या वयात सूज रक्तदाब, हृदय, किडनी यांनीही येते, आणि तीच शक्यता जास्त. पण घरात तेच तेल खाणाऱ्या दोघा-तिघांच्या पायांना सूज आणि धाप असेल, तर डॉक्टरांना तेलाचं आवर्जून सांगा. पिवळ्या धोत्र्याच्या बियांचं तेल मिसळलं की असं होतं. १९९८ मध्ये दिल्लीत मोहरीच्या तेलातल्या या भेसळीनं साठहून जास्त माणसं गेली. आपल्याकडे मोहरीचं तेल कमी खातात, तरी बांधावर हे झाड सगळीकडे आहे आणि त्याचं बी मोहरीसारखंच दिसतं. घरातलं तेल फेकून देऊ नका. थोडं स्वच्छ काचेच्या बाटलीत झाकून ठेवा, तपासायला लागेल.

शक्य असेल तर शेतातली फल्ली किंवा करडई घाणीवरून गाळून आणा. बुरशी लागलेले दाणे आधी निवडून काढा. जवसाचं तेल तळायला वापरू नका, ते तापवल्यावर फार लवकर बिघडतं. घरी तळताना कढई लहान घ्या, म्हणजे तेल कमी उरेल. उरलेलं गाळून एक-दोन दिवसांत फोडणीत संपवा, पुन्हा तळायला नको.

तळलेलं तेल बायोडिझेलसाठी गोळा करायची सरकारी योजना २०१८ पासून आहे. पण नोंद ठेवायची सक्ती आहे ती दिवसाला पन्नास लिटरहून जास्त तेल वापरणाऱ्यांना. आठवडी बाजारातला भजेवाला त्यात येत नाही, आणि आमच्या भागात ते तेल न्यायला कुणी येतही नाही. म्हणून आता मी लग्नघराच्या माणसासमोरच उरलेल्या तेलात ट्रॅक्टरचं जळकं ऑइल ओततो. ते मग कुणाच्या पोटात जाऊ शकत नाही. शेतकरी ते घेऊन जातात, वखराच्या पासेला आणि गोठ्याच्या लाकडांना लावतात.